पावसाळ्यात अबोली: मातीची कुंडी की ग्रो बॅग?
गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. अबोली पावसाने मरत नाही, मुळाशी साचलेल्या पाण्याने मरते. मातीच्या कुंडीच्या अंगातून ओल बाहेर झिरपते, मुळांना हवा लागते. म्हणून पावसात आमची पसंती तिलाच. १० इंची कुंडी दोन चिऱ्यांवर ठेवा, भोकावर खापरी उपडी घाला आणि खालची बशी काढाच.

प्लॅस्टिकची ग्रो बॅग स्वस्त, हलकी. पण ती अंगणात टेकली की तळाची भोकं चिखलाने बुजतात, मुळं कुजतात. बॅगच हवी तर तळापासून दोन सेंटीमीटरवर बाजूने ६-८ भोकं पाडा. दोन भाग लाल मातीत एक भाग जाड वाळू, एक भाग कुजलेलं शेणखत मिसळा.

एप्रिल-मेमध्ये मात्र कुंडी लवकर सुकते. रोज सकाळी माती बोटाने तपासा.