बिलांचे फोटो हिशोबाला जोडायचे: ग्नूकॅश, स्क्रूज की फायरफ्लाय?

दुकानातलं थर्मल बिल वर्षभरात पांढरंफटक पडतं, म्हणून फोटो काढून ठेवायचा हे आता सगळेच करतात. खरा घोळ पुढे असतो, तो फोटो हिशोबातल्या नेमक्या एंट्रीला जोडायचा कसा आणि दुसऱ्या कोणाला तो उघडता येऊ नये म्हणून कुलूप कुठे लावायचं. घरचा जमाखर्च ठेवणारी ही तिन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत, ओपन सोर्स आहेत, पण फोटोची सोय तिघांत तीन तऱ्हेची.

ग्नूकॅशमध्ये एंट्रीवर राइट क्लिक करून फाइल जोडता येते, पण फोटो आत जात नाही, फक्त त्याचा पत्ता नोंदला जातो, त्यामुळे फोल्डर इकडचं तिकडे केलं की लिंक मेली. उपाय प्रेफरन्सेसमध्येच आहे, लिंक्ड फाइल्ससाठी 'पाथ हेड' म्हणून एक मुख्य फोल्डर ठरवायचं, मग बाकीचे पत्ते त्याच्यापासून धरले जातात आणि लॅपटॉप बदलला तरी हे एकच सेटिंग बदलावं लागतं. पहिली लिंक टाकायच्या आधीच हे करून घ्या. वैताग एकच, एका व्यवहाराला एकच फाइल, म्हणजे बिल आणि वॉरंटी कार्ड दोन्ही हवं असेल तर एक पीडीएफ बनवा.

स्क्रूज केडीईवाल्यांचं, म्हणजे लिनक्सचा एक डेस्कटॉप बनवणाऱ्यांचं, लिनक्सवर असाल तरच विचार करा. यात फोटोची कॉपी हिशोबाच्या फाइलमध्येच कोंबता येते आणि पासवर्ड लावला की हिशोब, बिलं सगळं एका कुलपात. बॅकअप म्हणजे एक फाइल कॉपी करायची, बास. पण ती फाइल फुगत जाते, आणि खराब झाली तर दोन्ही एकदम गेलं.

फायरफ्लाय थ्री स्वतःच्या सर्व्हरवर चालवायचं असतं, एका एंट्रीला हव्या तेवढ्या फाइल जोडा, फोनच्या ब्राउझरमधून सुद्धा. फाइल एन्क्रिप्ट होऊन, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशी होऊन, नंबरवाल्या नावाने अपलोड फोल्डरमध्ये पडते आणि तिची किल्ली म्हणजे डॉट ईएनव्ही या सेटिंगच्या फाइलमधली ॲप की. बरेच जण नुसता डेटाबेस बॅकअप करतात, मग मशीन बसलं की बिलं कायमची गेली. डेटाबेस, अपलोड फोल्डर आणि ती की, तिन्ही लागतात. आणि की त्याच मशीनवर असते, त्यामुळे अख्खा सर्व्हरच कोणाच्या हाती लागला तर त्या एन्क्रिप्शनचा फार आधार नाही.

मला विचाराल तर ग्नूकॅश. घराला खोली वाढवली त्याची बिलं घर विकताना कॅपिटल गेनच्या, म्हणजे विक्रीतल्या नफ्याच्या, हिशोबाला लागतात, ते पंधरा-वीस वर्षांनीही असू शकतं, तेव्हा हे सॉफ्टवेअर असेल-नसेल, पण '2025-03-14-टाइल्स' अशा नावाचा साधा जेपीजी कशातही उघडेल.

ग्नूकॅश स्वतः कुलूप देत नाही, ते वेगळं लावायचं. त्यासाठी व्हेराक्रिप्ट आणि क्रिप्टोमेटर अशी दोन सॉफ्टवेअर आहेत. व्हेराक्रिप्टचा कंटेनर, म्हणजे सगळं आत ठेवायची कुलूपबंद पेटी, ही एकच मोठी फाइल, बाय डिफॉल्ट ती आपली बदलाची तारीखच पुढे सरकवत नाही, त्यामुळे सिंक करणाऱ्या ॲपला कधीकधी पत्ताच लागत नाही की आत नवीन बिल पडलंय. घरच्या पेनड्राइव्हला ठीक. गूगल ड्राइव्ह किंवा ड्रॉपबॉक्सवर टाकायचं तर क्रिप्टोमेटर बरं, प्रत्येक फाइल वेगळी एन्क्रिप्ट होते, नावासकट, आणि नवीन असेल तेवढीच अपलोड होते. क्रिप्टोमेटरचं कुलूपबंद फोल्डर, म्हणजे व्हॉल्ट, विंडोजवर उघडल्यावर दरवेळी एकाच ड्राइव्ह लेटरवर (डी, ई वगैरे) येईल असं सेट करा आणि तेच पाथ हेडला द्या, नाहीतर सगळ्या लिंका तुटलेल्या दिसतील. पासवर्ड विसरलात तर रिकव्हरी की लागते, ती कागदावर लिहून एलआयसीच्या फाइलीत ठेवा.

आणि एवढं करून मूळ फोटो फोनच्या गॅलरीत तसाच राहिला, तिथून गूगल फोटोजला गेला, वर बायकोला व्हॉट्सॲपवर पाठवला, तर कुलूप कशाला लावलं? जोडून झालं की गॅलरीतला उडवा, ट्रॅशमधला पण.