श्रायनर्स हॉस्पिटल, सॅक्रामेंटो: लेकाच्या पायाचे सहा प्लास्टर आणि लाल टोपीवाले आजोबा

बरेच दिवस लिहायचं डोक्यात होतं, आता लेक तीन वर्षांचा झालाय आणि घरभर पळतोय तर आज बसलेच लिहायला. कुणाच्या बाळाला क्लबफूट म्हणजे जन्मतः पाऊल आत वळलेलं असेल आणि तुम्ही नॉर्दर्न कॅलिफोर्नियात असाल तर हे नक्की वाचा.

आमच्याकडे बाळ झालं आणि त्याच महिन्यात नवऱ्याची नोकरी गेली, विमा पण गेला. आधी ज्या हॉस्पिटलात गेलो (नाव नको) तिथे बाळाचा पाय बघायच्या आधी पैसे कसे भरणार ते विचारलं, आणि खर्चाचा अंदाजाचा कागद हातात दिला तो बघून मी पार्किंगमध्ये बसून रडले. मग शेजारच्या बाईंनी सॅक्रामेंटोच्या श्रायनर्स हॉस्पिटलचं सांगितलं, श्रायनर्स नावाची संघटना मुलांसाठी चालवते ते. मला वाटलं मेसन लोकांचं आहे (फ्रीमेसन, ती बंद दाराआड सभा भरवणारी पुरुषांची जुनी संघटना), म्हणजे त्यांच्याच मुलांसाठी असणार. तसं अजिबात नाहीये. तुमचा कुणी मेंबर असायची गरज नाही, धर्म देश काही विचारत नाहीत, मूल अठरा वर्षांच्या आतलं हवं आणि आजार त्यांच्या कामातला हवा, म्हणजे हाडं, भाजलेलं, मणक्याची दुखापत वगैरे. पूर्वी विमा घ्यायचेच नाहीत, आता ज्यांच्याकडे आहे त्यांच्या विम्याला बिल लावतात, पण पैसे नाहीत म्हणून मुलाला परत पाठवत नाहीत.

आता प्लास्टरचं सांगते, कारण आयांना तेच जास्त कळायला हवं असतं. पॉन्सेटी पद्धत म्हणतात, डॉ. इग्नासिओ पॉन्सेटी म्हणून आयोवाला होते त्यांनी बसवलेली. दर आठवड्याला पाऊल हाताने थोडं थोडं बाहेर वळवायचं आणि बोटांपासून पार जांघेपर्यंत प्लास्टर, पुढच्या आठवड्यात ते काढून परत नवीन. डॉक्टर अंगठ्याने पाऊल धरून ठेवायचे आणि दुसरी बाई आधी कापूस मग प्लास्टर गुंडाळायची, आणि ओलं असतानाच डॉक्टर टाचेपाशी तळहाताने असा आकार द्यायचे की मला आमच्या गावचे गणपती करणारे काका आठवायचे. बाळ तेवढा वेळ बाटलीतून दूध पीत पडलेलं असायचं, जोरात रडलं ते फक्त पहिल्या दिवशी. पाच प्लास्टरनंतर टाचेमागचा स्नायूचा दोर (टेंडन) बारीकसा छेद देऊन कापला, सहावं प्लास्टर तीन आठवडे ठेवलं, मग दोन बूट आणि मध्ये दांडी असलेला ब्रेस, पहिले तीन महिने २३ तास, नंतर फक्त झोपताना, ते अजून चालू आहे. ब्रेसचा कंटाळा करू नका, पाय परत आत वळतो तो बहुतेक वेळा त्यानेच.

आम्ही फ्रीमाँटला, हॉस्पिटल दोन तासांवर, दर आठवड्याला जायचं आणि नवरा इंटरव्ह्यू देत फिरतोय. तर श्रायनर्सचे मेंबरच व्हॅन घेऊन यायचे. आम्हाला न्यायला यायचे ते आजोबा सत्तरीच्या पुढचे, निवृत्त, सकाळी सहाला दारात हजर. मी पेट्रोलचे पैसे द्यायला गेले तर हात मागे घेतला त्यांनी आणि डॅशबोर्डवरची गोंड्याची लाल टोपी, त्यांच्या मेंबरांची खूण, ती दाखवली, म्हणाले ही घातली तेव्हाच ठरलं होतं. थर्मासमधला चहा दिला तो मात्र घेतला, पुढच्या आठवड्यापासून मी आलं घालून दोन कप जास्तच न्यायला लागले.

त्यांच्याकडूनच सगळी गोष्ट कळली आणि नंतर मी वाचलं पण. श्रायनर व्हायचं तर आधी फ्रीमेसन असावं लागतं. १८७० च्या सुमाराला न्यूयॉर्कमध्ये मजेसाठी सुरू झालेली मंडळी ही. १९२० ला पोर्टलंडच्या अधिवेशनात ठरलं की प्रत्येक मेंबरने वर्षाला दोन डॉलर द्यायचे आणि मुलांसाठी हॉस्पिटल काढायचं, आणि १९२२ ला श्रीव्हपोर्टला पहिलं उघडलं पण. दोन डॉलर! आपल्याकडची गणेशोत्सवाची वर्गणीच म्हणा ना, फक्त ती दरवर्षी एकाच कामाला लागत गेली. तेव्हा पोलिओची मुलं होती, मग लस आली आणि ती मुलं कमी झाली, तर यांनी दुकान बंद नाही केलं, १९६६ ला गॅल्व्हेस्टनला भाजलेल्या मुलांसाठी हॉस्पिटल उघडलं. मला हेच सगळ्यात मोठं वाटतं. आपल्याकडे मुंबईत फोर्टला मेसन्सचा जुना हॉल आहे, मी कितीदा तिथून गेलेय, आत काय चालतं कुणालाच माहीत नसायचं आणि लोक काहीबाही बोलायचे. आता मी त्या लोकांना आधी हे हॉस्पिटल सांगते.

एक मात्र मनापासून पटत नाही, मेंबर फक्त पुरुषच होऊ शकतात. बायकांची डॉटर्स ऑफ द नाइल म्हणून वेगळी संघटना आहे, १९१३ पासूनची, त्या पण हॉस्पिटलला मदत करतात, मुलांसाठी शिवणकाम करतात. पण मला वाटतं इतकं चांगलं काम आहे तर दार सगळ्यांना उघडं हवं, आणि हे मी आजोबांनाही सांगितलं होतं, त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

भारतात असाल तर यासाठी अमेरिका गाठायची गरज नाही हे पण सांगते, तिथे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात क्लबफूट आहे, सरकारी हॉस्पिटलात हीच प्लास्टरची पद्धत फुकट मिळते, जन्मल्यावर पहिल्या काही आठवड्यातच जा, वाट बघू नका.

आणि श्रायनर्सला जाणार असाल तर आधी फोन करून रेफरलचं (म्हणजे तुमच्या डॉक्टरच्या चिठ्ठीचं) विचारा, गाडीची सोय लागणार असेल तर तेव्हाच सांगा. बाळाला ढगळ पायजमा घाला कारण प्लास्टरवरून घट्ट कपडे चढत नाहीत, आणि दुधाची बाटली आधी अजिबात देऊ नका, प्लास्टर सुरू झालं की मगच द्या.