सगळ्या बायका, मिक्स स्टाफ की ती म्हणेल तसं? सपोर्ट सेंटर काढणाऱ्यांसाठी

लैंगिक अत्याचारातून गेलेल्या बायकांसाठी सेंटर काढायचं म्हटलं की जागा, फंडिंग, ट्रस्टचं रजिस्ट्रेशन यावर मीटिंगा मागून मीटिंगा होतात, आणि आत बसणार कोण हा विषय मात्र "बघू, अर्ज येतील त्यातून घेऊ" म्हणून गुंडाळला जातो. नंतर पहिलाच फोन येतो आणि पलीकडची बाई विचारते, ताई तिथं मॅडम असतात का सर? तेव्हा फोन उचलणारीला काय सांगायचं हेच ठाऊक नसतं. म्हणून हे आधी ठरवा. ढोबळ तीन रस्ते आहेत, आणि तिन्हींवरून कुणी ना कुणी चालून गेलंय.

पहिला म्हणजे स्टाफ सगळा बायकांचा आणि येणाऱ्याही बायकाच. स्कॉटलंडच्या एडिंबरामधलं बीराज प्लेस हे याचं अगदी कडक उदाहरण, हॅरी पॉटर लिहिणाऱ्या जे. के. रोलिंगने 2022 च्या डिसेंबरात स्वतःच्या पैशाने सुरू केलं, 16 वर्षांच्या पुढच्या बायकांसाठी, आणि बाई म्हणजे जन्माने बाई अशीच त्यांची स्पष्ट भूमिका आहे. याचा मोठा फायदा असा की येणारीला काही विचारावंच लागत नाही. आधीच जीव मुठीत धरून आलेली बाई, तिने वर आणि "मला पुरुष नको" हे तोंडाने सांगायचं, कारण द्यायचं, समोरच्याला वाईट तर नाही ना वाटणार याची काळजी करायची, हे सगळं वाचतं. ज्यांना हे किरकोळ वाटतं त्यांनी हेल्पलाइनवर एक आठवडा बसून बघावं.

तोटा? पैसा. बीराज प्लेसमागे रोलिंग आहेत, तुमच्यामागे नाहीत. कॅनडातल्या व्हँकुव्हर रेप रिलीफचं बघा, 1973 पासूनची संस्था, 1995 मध्ये किंबर्ली निक्सन या ट्रान्स बाईला (जन्माने पुरुष, पण बाई म्हणून जगणारी) व्हॉलंटियर ट्रेनिंगमधून परत पाठवलं आणि प्रकरण पार 2007 पर्यंत चाललं. कोर्टात शेवटी संस्थाच जिंकली, पण 2019 मध्ये शहराच्या कौन्सिलने त्यांची ग्रँट थांबवली. म्हणजे कायदा बाजूने असला तरी ग्रँट देणारा बाजूने असेलच असं नाही.

दुसरा रस्ता मिक्स, दार सगळ्यांना उघडं. याच्या जवळचं उदाहरणही एडिंबरातच सापडतं, तिथलं रेप क्रायसिस सेंटर, आणि तिथं जे झालं ते प्रत्येक संस्थाचालकाने नीट वाचायला हवं असं माझं मत. एका सर्व्हायव्हरने, म्हणजे अत्याचारातून गेलेल्या व्यक्तीने, विचारलं की माझी सपोर्ट वर्कर बाई आहे का पुरुष. ती वर्कर स्वतःला नॉन-बायनरी, म्हणजे बाईही नाही आणि पुरुषही नाही, म्हणवणारी होती. रॉझ ॲडम्स नावाच्या कर्मचारीने सहकाऱ्यांना विचारलं की हिला सरळ उत्तर कसं द्यायचं, आणि तेवढ्यावरून उलट तिच्यावरच शिस्तभंगाची चौकशी लागली. तिने नोकरी सोडली, नोकरीच्या तक्रारी ऐकणाऱ्या ट्रायब्युनलमध्ये गेली, मे 2024 मध्ये निकाल तिच्या बाजूने लागला. त्याच सप्टेंबरात स्वतंत्र रिव्ह्यू आला, त्यात सेंटरने 16 महिने फक्त बायकांसाठीची अशी जागा राखलीच नव्हती हे समोर आलं आणि सीईओंना पद सोडावं लागलं. सीईओ ट्रान्स महिला होत्या, त्यामुळे सगळं भांडण त्याच एका गोष्टीवर येऊन थांबलं.

आता यावरून मिक्स स्टाफच वाईट असं म्हणणारे भरपूर भेटतील. मला तसं नाही वाटत. विचारणारीला उत्तर मिळालं नाही आणि उत्तर द्यावं म्हणणारीची चौकशी झाली, घोळ तिथं आहे. मिक्स स्टाफ ठेवूनही "तुम्हाला बाईच मिळेल, अमुक वारी तमुक वेळेत इथं फक्त बायका असतात" असं सांगता येतं की. ब्रिटनचा 2010 चा इक्वॅलिटी ॲक्ट अशा जागांना आणि फक्त बायकांच्या भरतीलाही परवानगी देतो, आणि 16 एप्रिल 2025 ला तिथल्या सुप्रीम कोर्टाने त्या कायद्यातली बाई म्हणजे जन्माने बाई असं सांगून टाकलं.

शिवाय मिक्सची गरज आपल्याकडे खरी आहे. भारतीय न्याय संहितेत बलात्कार म्हणजे पुरुषाने बाईवर केलेला, जुन्या दंडसंहितेतलं 377 कलम, ज्यात पुरुषावरचा अत्याचारही बसायचा, ते गेलं त्याच्या जागी काही आलंच नाही, आणि 2019 च्या ट्रान्सजेंडर कायद्यात लैंगिक अत्याचाराला जास्तीत जास्त शिक्षा लिहिली 2 वर्षं. म्हणजे सज्ञान पुरुष किंवा ट्रान्स व्यक्ती आली तर कायदाही तोकडा, सेंटरही बंद, मग त्यांनी जायचं कुठं?

तिसरा रस्ता, बाई हवी की पुरुष ते तिलाच विचारा. स्कॉटलंडमध्ये 2021 च्या कायद्यानंतर फॉरेन्सिक, म्हणजे पुराव्यासाठीची वैद्यकीय, तपासणी बाईने करावी की पुरुषाने हे तपासणी होणाऱ्याला मागता येतं. ऐकायला सगळ्यात छान, पण दोन कौन्सेलर असलेल्या सेंटरमध्ये चॉइस म्हणजे कागदावरची शोभा. आपल्याकडे पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याखाली मुलीची तपासणी बाई डॉक्टरनेच करायची, मोठ्या बाईच्या बाबतीत आरोग्य मंत्रालयाच्या 2014 च्या गाइडलाइन्स म्हणतात की लेडी डॉक्टर मिळवायचा प्रयत्न करा पण त्यासाठी थांबून राहू नका, पुरुष डॉक्टर असेल तर सोबत बाई अटेंडंट हवी. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात रात्री लेडी डॉक्टर नसते हे गाइडलाइन लिहिणाऱ्यांना माहीत होतं, एवढं तरी बरं.

आता एक गोष्ट जी पॉलिसीत कुणीच लिहीत नाही. गेट. आत सगळ्या ताया, आणि दारात वॉचमन दादा, रजिस्टर पुढे सरकवून मोठ्याने विचारणार, "काय काम आहे? कुणाकडं? काय झालंय?" झालं, तुमची बायकांची जागा पायरीवरच संपली. व्हॅनचा ड्रायव्हर, केसपेपर काढणारा, पाणी आणणारा मुलगा, हे सगळे स्टाफच आहेत. सरकारच्या सखी वन स्टॉप सेंटरच्या (अत्याचारग्रस्त बायकांच्या मदत केंद्राच्या) भरतीत केंद्र प्रशासक आणि केसवर्कर बायकाच मागतात, तसा विचार तुम्ही गेटपर्यंत न्या.

मग घ्यायचं काय? चार-पाच जणांचं जिल्ह्याच्या ठिकाणचं सेंटर असेल तर मी डोळे झाकून पहिला रस्ता घेईन, निदान फोन, गेट आणि कौन्सेलिंग एवढ्या जागांना तरी, अकाउंट्सला पुरुष असला तर असू दे, पण त्याची खोली वेगळी. पुरुष आणि ट्रान्स सर्व्हायव्हरसाठी "आमच्याकडे नाही" म्हणून फोन ठेवायचा नाही, कुठल्या संस्थेत कुणाशी बोलायचं ते नाव-नंबर आधी पक्कं करून फोनजवळ लावून ठेवायचं. हॉस्पिटलला जोडलेलं असेल तर तिसराच रस्ता, तिथं ड्युटी रोस्टर तुमच्या हातात नसतं. मुंबई-पुण्यात मोठी टीम असेल तर मिक्स जमेल, पण बायकांची वेळ आणि खोली वेगळी, आणि ती फंडिंग कमी झालं म्हणून पहिली जाणार नाही हे ट्रस्टच्या ठरावात लिहून.

ट्रान्स बाई कौन्सेलर घ्यायची का यावर तुमच्या टीममध्ये भांडण होणार, होऊ द्या, पण ते भरतीआधी होऊ द्या, माणूस नोकरीवर घेतल्यावर नको, त्यात तिचेच हाल होतात. काय ठरेल ते जाहिरातीत, माहितीपत्रकात आणि फोन घेणारीसमोरच्या कागदावर अगदी त्याच शब्दांत हवं. पुरुष कौन्सेलर घेणार असाल तर तो कुठल्या केसेस घेणार आणि तो रजेवर असताना त्याच्या केसेस कुणाकडे जाणार, हेही ऑफर लेटर द्यायच्या आधीच लिहून काढा.