गर्भपिशवीतला फुगा, जेल आणि गोळ्या: काही महिन्यांनंतरचा अनुभव

गर्भपातानंतर क्युरेटिंग, मग पाळी नावापुरती, मग दुर्बिणीतून गर्भपिशवीतला चिकटपणा सोडवणं. ज्या यातून गेल्यात त्यांना ॲशरमन म्हणजे काय हे सांगायला नको; बाकीच्यांसाठी, पिशवीच्या आतल्या भिंती एकमेकींना चिकटण्याचा आजार. सोडवलेलं पुन्हा चिकटू नये म्हणून पुढे फुगा, जेल आणि गोळ्या असं जे वापरलं, त्याबद्दल गुण देत लिहितेय. निमित्त बिलाचं. महिन्या-दीड महिन्याने परत दुर्बीण घालून बघायचं, पण ते पॅकेजमध्ये नाही, हे कोल्हापूरच्या हॉस्पिटलने पैसे भरायच्या खिडकीवर सांगितलं. चांगलीच वादावादी झाली. आधी कळलं असतं तर जेलचे हजारो रुपये वाचवून इकडे लावले असते.

फुगा म्हणजे साधी फोलीची नळी, लघवीसाठी घालतात तीच. टोकाशी सलाईन भरून जरासा फुगवतात आणि आठवडाभर आत ठेवतात, म्हणजे समोरासमोरच्या भिंती एकमेकींना टेकत नाहीत. जास्त फुगवला तर अस्तराचा रक्तपुरवठा दबतो. नळी स्वस्त, काम चोख. पण ती चिकटपट्टी! बाहेरचं टोक दुमडून मांडीला चिकटवून दिलं होतं. आंबा घाट उतरून साखरपा येईपर्यंत ठीक होतं. पुढे मे महिन्याचा दमट उकाडा सुरू झाला तशी घामाने पट्टीची कड सुटली. नळी लोंबायला लागली की उठता-बसता ओढ बसते आणि ओटीपोटात कळ येते. पावसला घरी पोचल्यावर जुन्या सुती साडीची पट्टी फाडून मांडीला बांधली, तेव्हा कुठे झोप लागली. लघवीच्या नळीसाठी मांडीला बांधायचे पट्टे मिळतात. तसाच एक डिस्चार्जच्या वेळी का देत नाहीत? एवढं महागडं ऑपरेशन आणि भरवसा चिकटपट्टीवर. फुग्याचा एक गुण मी एवढ्यासाठीच कापते.

अस्तर पुन्हा वाढावं म्हणून दिलेल्या इस्ट्रोजेनच्या गोळ्यांनी मळमळ झाली, छाती दुखली. शेवटचे दहा दिवस प्रोजेस्टेरॉन, मग पाळी आली. खरीखुरी पाळी! सासूबाईंनी न बोलता गूळ-खोबरं हातावर ठेवलं. कुणाला पूर्वी रक्ताची गुठळी झाली असेल तर या गोळ्यांआधी डॉक्टरांना सांगाच.

जेल हायल्युरॉनिक ॲसिडचं, काही दिवसांत आपोआप विरतं. त्याला शून्य द्यायचं ठरवलं होतं. पण दुसऱ्या दुर्बिणीत एका कोपऱ्यातच पातळ पापुद्रा निघाला आणि तो सहज सुटला. चिकटपणा तीव्र असेल तर तो परतण्याचं प्रमाण काही अभ्यासांत ६० टक्क्यांच्या आसपास गेलंय. त्यामुळे जेलला आता निम्मे गुण. श्रेय त्याचं की फुग्याचं, कोण सांगणार? शिवाय चिकटपणा कमी झाला म्हणजे गर्भ राहीलच, याचा पुरावा जेलच्या बाजूने कच्चाच आहे.

खर्च एकावरच करता येणार असेल तर दुसऱ्या दुर्बिणीवर करा. नवा चिकटपणा कोवळा असतानाच सुटतो, जून झाला की परत कात्री. या दुसऱ्या दुर्बिणीचा खर्च पहिल्याच दिवशी लिहून मागा. पिशवीच्या टीबीची तपासणी झाली का तेही विचारा, आपल्याकडे ते कारण असू शकतं. आणि पुढे दिवस राहिले तर पहिल्याच भेटीत हे ऑपरेशन झाल्याचं सांगा. वार पिशवीला घट्ट चिकटून बसण्याचा धोका असतो, तेव्हा बाळंतपण रक्ताची सोय असलेल्या ठिकाणीच ठरवा.