लीचेसवर बुलेट: काही महिन्यांच्या वापरानंतर

बुद्धिबळातल्या एका मिनिटाच्या डावांनी, म्हणजे बुलेटने, खेळ बिघडतो, असं क्लबातली जाणती मंडळी सांगतात. बरेच महिने लीचेस या बुद्धिबळाच्या साइटवर रोज बुलेट खेळल्यावर माझं मत थोडं वेगळं झालंय. डावामागून डाव खेळत सुटलं तर हाती काहीच लागत नाही, हे खरं. पण डाव संपल्यावर आपला वेळ कुठे गेला हे बघायची सवय लागली, तर बुलेट पुष्कळ शिकवतं.

थिबो द्युप्लेसी या फ्रेंच प्रोग्रामरने २०१० मध्ये सुरू केलेली ही साइट देणग्यांवर चालते. जाहिराती नाहीत आणि कुठली सोय पैसे भरणाऱ्यांसाठी राखून ठेवलेली नाही. शाळकरी मुलांच्या पालकांना मी हे आवर्जून सांगतो.

मला सगळ्यात उपयोगी पडली ती विश्लेषणाच्या पानावरची एक साधी गोष्ट: प्रत्येक खेळीला किती वेळ लागला याचा आलेख. १+० मध्ये (प्रत्येकाला एक मिनिट, खेळीमागे वाढीव वेळ शून्य) चाळीस खेळ्यांचा डाव धरला तर एका खेळीला सरासरी दीड सेकंद मिळतो. उंच खांब गुंतागुंतीच्या हाणामारीत दिसतील असा माझा अंदाज होता. दिसले ते सातव्या-आठव्या खेळीच्या आसपास, म्हणजे पाठ असलेलं ओपनिंग (डावाची सुरुवात) संपतं आणि पुढे काय करायचं हे ठरलेलं नसतं, नेमकं तिथे. दुसरे खांब मारामारीच्या साध्या जागी होते. समोरच्याने मोहरं मारलं, उलट मारायला एकच मार्ग, तरी दोन सेकंद गेलेले.

यातून दोन बदल केले. ओपनिंग दोनच ठेवली: पांढऱ्याने फक्त लंडन आणि समोरच्याच्या ई४ ला (राजासमोरचं प्यादं दोन घरं पुढे) काळ्याने फक्त कारो-कान. पण लांबलचक ओळी पाठ न करता, प्यादी कशी बसतात आणि घोडे-उंट कुठे जातात एवढंच पक्कं केलं. मधल्या डावात हातात उरणारा वेळ यानेच वाढला.

दुसरा बदल प्रीमूव्हचा, म्हणजे समोरच्याने खेळायच्या आधीच आपली खेळी देऊन ठेवण्याचा. लीचेसवर एका वेळी एकच प्रीमूव्ह देता येतो आणि त्याला घड्याळातला वेळ जात नाही. चेस डॉट कॉमवर एकामागे एक अनेक देता येतात, पण प्रत्येकाला सेकंदाचा दहावा भाग कापला जातो. शिकणाऱ्याला मी एकाचाच नियम चांगला म्हणेन, कारण प्रत्येक वेळी पट बघावा लागतो. उलट मारणं सक्तीचं असेल तिथे प्रीमूव्ह द्यावा. ओपनिंगमध्ये आंधळेपणाने देऊ नये. १.डी४ ला (वजिरासमोरचं प्यादं दोन घरं पुढे) काळ्याने ई५ केलं आणि तुम्ही उंट एफ४ आधीच देऊन ठेवला असेल, तर ते प्यादं उंट फुकट खातं. काळ्याकडूनही हेच होतं: १.डी४ जी६ नंतर उंट जी७ देऊन ठेवला आणि पांढऱ्याने २.उंट एच६ खेळला, तर आधी उंट जातो आणि मागून हत्तीही.

सरावासाठी लीचेसवरचं पझल स्टॉर्म. तीन मिनिटं, सोपी कोडी हळूहळू अवघड होत जातात, चुकलं की दहा सेकंद वजा. त्या दंडामुळे नुसती घाई चालत नाही. मागच्या ओळीतली मात, घोड्याचा दुहेरी हल्ला हे नमुने नजरेत बसतात आणि बुलेटमध्ये आपोआप दिसतात. रोज थोडा वेळ पुरतो.

सुधारणेसाठी मात्र मी १+० पेक्षा २+१ ला झुकतं माप देईन. खेळीमागे मिळणाऱ्या एका सेकंदामुळे हत्ती-प्याद्यांचा शेवट खरोखर खेळावा लागतो, नुसतं समोरच्याचं घड्याळ पडायची वाट बघून भागत नाही. वेळेच्या तंगीत नीट खेळता येणं हे वरच्या पातळीवरही निर्णायक ठरतं. २०२५ च्या महिला विश्वचषकात बाटुमीला नागपूरच्या दिव्या देशमुखने कोनेरू हम्पीला हरवलं ते क्लासिकलचे (लांब वेळेचे) दोन्ही डाव बरोबरीत सुटल्यावर, कमी वेळेच्या रॅपिडमध्ये. एक नियमही लक्षात असू द्या: समोरच्याचा वेळ संपला पण तुमच्याकडे एकटा राजाच उरला असेल, तर डाव बरोबरीत सुटतो. म्हणून तंगीत शेवटचं प्यादं जपावं.

सेटिंग्जमध्ये मोहऱ्यांचं अ‍ॅनिमेशन बंद, प्याद्याचा वजीर आपोआप होणं चालू आणि झेन मोड, म्हणजे डाव चालू असताना रेटिंगसारख्या गोष्टी लपवणारी सोय. रेटिंग डोळ्यांसमोर नसलं की समोर कोण आहे याचं दडपण येत नाही. अरेना स्पर्धांमधल्या बर्सर्कच्या (आपलाच वेळ कमी करून घ्यायच्या सोयीच्या) मोहात सध्या तरी पडू नका. जिंकलात तर एक गुण जास्त मिळतो, पण घड्याळ निम्मं होतं, आणि जातो तो नेमका शिकायला हवा असलेला विचाराचा वेळ.

फोनवर खेळणार असाल तर २+१ च निवडा. १+० साठी माउस आणि स्थिर वायफाय हवं. लोकलमध्ये मोबाइल डेटावर ते खेळण्यात अर्थ नाही, त्या वेळात स्टॉर्म सोडवा.