एमपरिवहन आणि डिजिलॉकर: वेगवान गाडीवाल्यांच्या किती कामाचं?

खाली बसवलेली, रुंद टायरची, दणदणीत आवाजाची गाडी नागपूरच्या वर्धा रोडवर हमखास बाजूला घेतली जाते. पोलो जीटी, ऑक्टाव्हिया आरएस, आय-२० एन लाइन चालवणाऱ्यांनी एमपरिवहन आणि डिजिलॉकर ही दोन्ही सरकारी अ‍ॅप फोनमध्ये ठेवावीतच.

कागद दाखवायला डिजिलॉकर सरस. आधारशी जोडलेला मोबाइल लागतो. आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र, त्यात आणायला गाडीचा नंबर आणि पूर्ण चेसिस नंबर टाकायचा. इथेच बहुतेकांचं घोडं अडतं. आरसीवर नुसती आद्याक्षरं आणि आधारवर पूर्ण नाव असेल तर आरसी येतच नाही. सेकंडहँड गाडीचं ट्रान्स्फर रखडलं असेल तरी तेच. अ‍ॅपला दोष देऊन उपयोग नाही. नाव आधी आरटीओत दुरुस्त करून घ्या. नागपूर शहराची एमएच-३१, पूर्वेची ४९ आणि ग्रामीणची ४०, तिन्ही कार्यालयं वेगळी आहेत.

गाडी घरातलं दुसरं कुणी नेणार असेल तर एमपरिवहन कामी येतं, कारण त्यातली आरसी दुसऱ्याच्या फोनवर शेअर करता येते. गॅलरीतला आरसीचा फोटो मात्र दाखवू नका, तो कागद धरला जात नाही. अ‍ॅपमधून तपासलेला कागद पुन्हा छापील मागू नये, असा नियम १ ऑक्टोबर २०२० पासून आहे. साहेबांना तो शांतपणे सांगता येतो. डिजिलॉकरचा सहा आकडी पिन पाठ असू द्या आणि निघण्यापूर्वी एकदा लॉगिन करून बघा. मे महिन्याच्या उन्हात तापलेला फोन स्क्रीन मंद करतो, ऐन वेळी ओटीपीची वाट बघणं नको.

गाडीत केलेले बदल मात्र कोणतंच अ‍ॅप झाकत नाही, आणि खरा दंड तिथेच बसतो. सायलेन्सरच्या नळीतला धूर शुद्ध करणारा कॅटलिटिक कन्व्हर्टर काढून सरळ पाइप टाकला की कार्बन मोनॉक्साइड वाढतो. बीएस-४ या प्रदूषण मानकाच्या पेट्रोल गाडीला आयडलवर, म्हणजे उभ्या गाडीचं इंजिन नुसतं चालू असताना, त्याची मर्यादा ०.३ टक्के आहे, म्हणजे पीयूसी मशीनवरच गाडी अडकते. आवाज आणि धुरासाठी मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली पहिल्याच वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. परवानगीशिवाय फेरफार केला तर कलम १८२अ(४) खाली प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये. आरसीवर पांढरा रंग आणि अंगावर मॅट काळा रॅप (रंगावर चिकटवलेली फिल्म), ही विसंगती तर फोन बघताक्षणी उघडी पडते. रॅप करायचाच असेल तर रंगाची नोंद आरटीओत बदलून घ्या. काचांचं मोजमापही लक्षात असू द्या: पुढची आणि मागची किमान ७० टक्के पारदर्शक, बाजूच्या ५० टक्के.

चलानासाठी तिसरं अ‍ॅप लागतं, महाट्रॅफिक. त्यात चलानासोबत फोटो दिसतो आणि चूक असेल तर तक्रारही टाकता येते. समृद्धी महामार्गावर कारला ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. त्याच्या नागपूरकडच्या टोकाहून, शिवमडक्याहून, निघून चलान आलं तर फोटोतली नंबरप्लेट, वेग आणि जागा आधी जुळवून पाहा, पैसे नंतर भरा. चलानाचा एसएमएस वाहन नोंदणीतल्या मोबाइलवर जातो. तिथे जुन्या मालकाचा किंवा शोरूमच्या एजंटचा नंबर राहिला असेल, तर चलानं साचत जातात आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही.