बिघडलेली व्हर्च्युअल डिस्क: दुरुस्त करावी की आतली माहिती काढून घ्यावी?

हिंगणघाटकडची जिनिंग असो, वरुडचे कृषी केंद्र असो की तालुक्याच्या गावची पतसंस्था, जिथे हिशेबाचे जुने सॉफ्टवेअर व्हर्च्युअल मशीनमध्ये (संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने उभारलेल्या दुसऱ्या संगणकात) चालते तिथे वर्षानुवर्षांची खाती प्रत्यक्षात एकाच मोठ्या फाइलमध्ये, म्हणजे त्या मशीनच्या व्हर्च्युअल डिस्कमध्ये, साठलेली असतात. भर हंगामात वीज गेली, इन्व्हर्टरनेही साथ सोडली आणि ती फाइल उघडेनाशी झाली, तर फाइल दुरुस्त करून मशीन पुन्हा चालू करणे किंवा मशीनचा नाद सोडून आतली माहिती तेवढी काढून घेणे, असे दोन मुख्य मार्ग उरतात. कोणताही मार्ग धरला तरी आधी स्नॅपशॉटसह (मशीनच्या मधल्या स्थितीच्या जतन केलेल्या फाइलींसह) संपूर्ण फोल्डरची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी आणि पुढचे काम प्रतीवरच करावे. मूळ हार्ड डिस्कच वाचताना अडखळत असेल, तर प्रतीसाठी डीडीरेस्क्यू हे साधन वापरावे. ते नीट वाचता येणारा भाग आधी उचलते आणि खराब जागांकडे नंतर वळते.

दुरुस्ती यशस्वी झाली तर सॉफ्टवेअर, परवाना, प्रिंटरची जुळणी असे सगळे जसेच्या तसे परत मिळते. व्हीएमवेअर या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये डिस्कच्या वर्णनाची छोटी मजकूर-फाइल हरवून प्रत्यक्ष माहितीची फ्लॅट फाइल शाबूत राहिली असेल, तर अचूक आकार देऊन वर्णन-फाइल नव्याने बनवता येते. तिथे दुरुस्तीच करावी, दुसरा विचार नको. क्यूईएमयू या अशाच सॉफ्टवेअरच्या क्यूकाऊ-२ (qcow2) या डिस्क-प्रकारात मात्र सावध राहायला हवे. त्यातल्या नकाशाच्या तक्त्यांवरून कोणता तुकडा कुठे आहे हे ठरते, आणि क्यूईएमयूची 'सगळे दुरुस्त करा' ही आज्ञा चुकीची दुरुस्ती निवडू शकते किंवा झालेले नुकसान झाकून टाकू शकते, असा इशारा तिच्या माहितीपत्रकातच आहे. म्हणून आधी केवळ तपासणी चालवावी. दुरुस्तीसाठी चालवलेली विंडोजची चेकडिस्क ही आज्ञाही डिस्कवर लिहिते, हे अशा वेळी विसरले जाते.

माहिती काढून घेण्याच्या मार्गात मूळ फाइलवर काहीच लिहिले जात नाही, आणि हिशेबाच्या बाबतीत मला हाच मार्ग अधिक भरवशाचा वाटतो. सेव्हन-झिप हा प्रोग्राम अशा बऱ्याच प्रकारच्या डिस्क फाइली थेट उघडतो. लिनक्सवर त्या केवळ वाचण्यापुरत्या जोडता येतात. पार्टिशनचा (डिस्कच्या भागांचा) तक्ता गेला असेल तर टेस्टडिस्क हे साधन तो शोधून देते. सॉफ्टवेअर पुन्हा बसवावे लागते, पण फाइली मूळ नावांसह आणि फोल्डरांसह हाती येतात.

हेही जमले नाही, तर फोटोरेक हे साधन फाइलींच्या खुणांवरून माहिती वेचते, परंतु मूळ नावे परत मिळत नाहीत. इथे डिस्कचा प्रकार निर्णायक ठरतो. ठरावीक आकाराच्या डिस्कमध्ये माहिती मूळ क्रमानेच असते, त्यामुळे आशा राहते. गरजेप्रमाणे वाढत जाणाऱ्या डिस्कमध्ये तुकडे विखुरलेले असतात, क्यूकाऊ-२ मध्ये साधारणतः ६४ केबीचे आणि व्हर्च्युअलबॉक्स या सॉफ्टवेअरच्या व्हीडीआय प्रकारात १ एमबीचे, आणि नकाशा नष्ट झाल्यास मोठी फाइल सलग जुळणे कठीण असते. सातबाराचे स्कॅन आणि फोटो कदाचित मिळतील, पण खातेवहीच्या मोठ्या डेटाबेसवर या मार्गाने विसंबू नये.

हार्ड डिस्कमधून खटखट आवाज येत असेल, तर संगणक तत्काळ बंद करून ती नागपूरला किंवा आणखी दूर, जिथे सुसज्ज प्रयोगशाळा असेल तिथे द्यावी. तिथला खर्च मोठा असतो. त्यामुळे जुना बॅकअप आणि छापील रोजकीर्द यांवरून हंगामाच्या नोंदी पुन्हा भरता येतील का, याचा हिशेब आधी करावा. माहिती कोणत्याही मार्गाने परत आली, तरी शेवटच्या दिवसाची शिल्लक छापील रोजकीर्दीशी जुळेपर्यंत बिघडलेली मूळ फाइल पुसू नये.